पंखा बंद केल्यावर ऐकू येणारी डिस्क: एका जुन्या कटकटीची पार्श्वभूमी

नाशिकला नोव्हेंबर लागला की रात्री पंखा बंद होतो, आणि वर्षभर पंख्याखाली दडलेले घरातले सगळे आवाज एकेक करून बाहेर येतात. त्यातला सगळ्यात चिवट आवाज कॉम्प्युटरचा. मुंबईत बारा महिने पंखा गरगरत असतो म्हणून तिकडच्या मित्रांना हा विषयच कळत नाही, "एवढं काय ऐकू येतं रे तुला" म्हणतात. परवा इंदिरानगरच्या एका मित्राने विचारलं की शांत हार्ड डिस्क कुठली घेऊ, आणि मी मॉडेल सांगायचं सोडून त्याला अर्धा तास इतिहासच ऐकवला. तो वैतागला, साहजिक आहे. पण मागचं माहीत नसेल तर आजच्या डिस्क अशा का वाजतात ते कळतच नाही, म्हणून इथे नीट लिहून काढतोय.

माझं म्हणणं एवढंच की डिस्कवाल्या कंपन्यांनी मुद्दाम शांतता म्हणून काही बनवलं असं फार कमी वेळा झालंय. बहुतेक वेळा ती दुसऱ्याच कशाच्या तरी मागून फुकटात आली आणि कोणाला न सांगता निघूनही गेली.

आधी आवाज कुठले ते सांगतो, कारण ते दोन वेगळे आहेत आणि लोक कायम गल्लत करतात. एक म्हणजे घुंई, तबकड्या फिरण्याचा सलग आवाज. दुसरा म्हणजे कटकट, वाचणारं हेड इकडून तिकडे उडी मारतं त्याचा. घुंईचा सूर आरपीएमवरून, म्हणजे तबकडी मिनिटाला किती फेरे घेते त्यावरून, सरळ काढता येतो. ७२०० ला ६० ने भागा, सेकंदाला १२० फेरे, म्हणजे १२० हर्ट्झ. ५४०० वाली ९० हर्ट्झ. चौकातली डीपी जी गुणगुणते ती आपल्याकडे १०० हर्ट्झची, म्हणजे एक डिस्क डीपीच्या थोडी खाली गाते आणि दुसरी थोडी वर. एकाच कॅबिनेटमधे ७२०० च्या दोन डिस्क बसवल्या की दोघींचा वेग केसभर वेगळा असतो, मग घुंई वाढते, कमी होते, वाढते, कमी होते. सलग आवाज माणूस विसरतो हो, हा असा झुलणारा आवाज झोपू देत नाही.

आता मागे जाऊ. पहिली हार्ड डिस्क १९५६ ची, आयबीएम ३५०, रॅमॅक नावाच्या मशीनबरोबर आलेली. २४ इंची ५० तबकड्या, १२०० आरपीएम, आणि मावायची किती तर पन्नास लाख अक्षरं, आजच्या फोनमधल्या एका फोटोएवढी. वजन टनभर. हेड तबकडीला चिकटू नये म्हणून कॉम्प्रेसरने हवा मारायचे, आता कॉम्प्रेसर चालू असताना डिस्कचा आवाज कोण ऐकणार. ते मशीन असायचंच वेगळ्या खोलीत. १९७३ ला आयबीएमनेच ३३४० काढली, टोपणनाव विंचेस्टर, तिच्यात हलकी हेडं आणि तबकड्या एकाच बंद डब्यात होत्या आणि आजच्या सगळ्या डिस्क त्याच वंशातल्या. १९८० ला सीगेटची एसटी-५०६ आली, सव्वापाच इंच, ५ एमबी. इथून डिस्क टेबलावर, माणसाच्या कानाशी आली, आणि तक्रारीही इथूनच सुरू झाल्या असणार.

त्या काळच्या स्वस्त डिस्कमधे हेड हलवायला स्टेपर मोटर असायची. एकेक पायरी चढत गेल्यासारखी कर्र-टक, कर्र-टक. ज्यांनी नव्वदच्या आसपास कॉम्प्युटर क्लास केलेत त्यांना हा आवाज अजून पाठ असेल, फाइल उघडतेय की नाही ते स्क्रीनवर नंतर दिसायचं, कानाला आधी कळायचं. मग व्हॉइस कॉइल आली. नाव उगाच नाही, स्पीकरमधे जी कॉइल कागदाचा कोन हलवते तीच कल्पना, लोहचुंबकात कॉइल आणि तिच्यात करंट. म्हणजे डिस्कमधे एक छोटा स्पीकरच बसलाय असं समजा. काही रिकामटेकड्या लोकांनी जुन्या डिस्कला ॲम्प्लिफायर जोडून गाणी वाजवून दाखवलीत, आणि ती खरंच वाजतात.

मग वेगाची शर्यत. १९९२ ची सीगेट बॅराकुडा ७२०० ची, १९९६ ची चीता दहा हजाराची, २००० ला पंधरा हजार. २००३ ला वेस्टर्न डिजिटलची रॅप्टर दहा हजाराची डिस्क घेऊन थेट घरच्या गेमिंगवाल्यांकडे आली. ह्या सगळ्यांत फेरे वाढले तसा बेअरिंगचा आवाज वाढत गेला. पोलादी गोळ्यांचं बॉल बेअरिंग, नवं असताना घुंई, वर्ष-दोन वर्षांत गोळ्या झिजल्या की थेट चिरका कीं. माझ्या पहिल्या असेंबल्ड पीसीत असलीच डिस्क होती, कंपनीचं नाव घेत नाही. दुकानदाराकडे नेली तर तो म्हणाला, "भाऊ, चालू आहे ना? मग आवाज येणारच, बंद पडली की आणा." तसं पाहिलं तर खोटं काहीच बोलला नाही तो.

खरा फरक पडला तो फ्लुइड बेअरिंगने. गोळ्यांच्या जागी तेलाचा पातळ थर, दांडा तेलावर तरंगत फिरतो. आता ही मजा बघा, कंपन्यांना हे आवाजासाठी नको होतं. गोळ्या कितीही गुळगुळीत केल्या तरी फिरताना दांडा प्रत्येक फेरीत थोडासा वेगळा डुगडुगतो, आणि माहितीच्या रेघा एकमेकींच्या जवळ आणायच्या तर ते डुगडुगणं परवडत नाही. तेलात ते दबतं. जास्त जीबी बसवायला म्हणून तेल आणलं आणि शांतता त्याच्या जोडीला आली. २००१ ची सीगेट बॅराकुडा एटीए फोर ही त्यातली गाजलेली, एका तबकडीवर ४० जीबी, ७२०० आरपीएम, आणि तरी कान लावला तर कळणार चालू आहे म्हणून. ती मी पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला जाऊन लॅमिंग्टन रोडवरून आणली आणि येताना गर्दीत मांडीवर घेऊन बसलो, लहान बाळासारखी.

त्याच सुमाराला कटकटीवरही उपाय निघाला. १९९९ ला अमेरिकेत टिवो आला, टीव्हीचे कार्यक्रम डिस्कवर रेकॉर्ड करणारा डबा (आपल्याकडे टाटा स्कायचा तसा डबा २००८ ला आला). हॉलमधे सोफ्यासमोर ठेवायच्या डब्यात कटकट चालत नाही, त्यामुळे हेडची उडी मऊ करायची गरज सगळ्यांना दिसली. एटीए-६ ह्या डिस्क आणि कॉम्प्युटर जोडायच्या स्टँडर्डमधे त्यासाठी ऑटोमॅटिक अकूस्टिक मॅनेजमेंट नावाची सोय आली. १२८ आकडा टाकला की सगळ्यात शांत, २५४ टाकला की सगळ्यात वेगवान. लिनक्सवाले एचडीपार्म नावाच्या कमांडने करायचे, बाकीचे कंपनीच्या छोट्या प्रोग्रॅमने. हेड झटक्यात पळवून झटक्यात थांबवायच्या ऐवजी हळू उचलायचं, हळू टेकवायचं, गचका नाही म्हणून खट् नाही, फक्त थोडा वेळ जास्त. घुंईवर ह्याचा काही परिणाम नाही, तिथे लोक फसायचे.

आणि मग कोर्ट. २००० मधेच कॉन्व्हॉल्व्ह नावाच्या कंपनीने आणि एमआयटीने सीगेट आणि कॉम्पॅकवर पेटंटचा दावा टाकला होता, विषय हाच, हेड न थरथरता कसं हलवायचं. केस दहा वर्षांच्या वर चालली. नंतरच्या सीगेटच्या डिस्कमधे ही सोय आपल्या हातात राहिलीच नाही, आणि पुढे बाकीच्यांकडूनही ती हळूहळू गायब झाली. शांततेसाठी म्हणून खास बनवलेली जवळपास एकमेव गोष्ट, तिचीही अशी वाट लागली.

पंख्यांचं थोडक्यात सांगतो, तो मोठा वेगळा विषय आहे. २००४ च्या प्रेस्कॉट पेंटियम फोर प्रोसेसरचे काही नमुने ११५ वॉटपर्यंत गेले आणि ८० मिलिमीटरचे पंखे विमानासारखे ओरडायला लागले. मग लोक १२० मिलिमीटरच्या पंख्याकडे वळले, कारण मोठा पंखा हळू फिरला तरी पुरेशी हवा ढकलतो, आणि कुठलाही पंखा अर्ध्या वेगाने फिरवला तर आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो, हे गणित खूपच फायद्याचं आहे. पण पंखे गप्प झाले आणि त्यांच्यामागे लपलेली डिस्क उघडी पडली. नाशिकच्या हिवाळ्यात होतं तेच, फक्त कॅबिनेटच्या आत.

तेव्हा शोध लागला की अर्ध्याहून जास्त दोष पत्र्याचा. डिस्क स्वतः हवेत फार आवाज सोडत नाही, ती थरथरते, आणि चार स्क्रूंनी आवळली की ती थरथर कॅबिनेटच्या पातळ पत्र्यात उतरते आणि पत्रा ढोलाच्या पानासारखा घुमतो. उपाय म्हणजे डिस्क टांगायची. मी मेन रोडवरच्या नाडी-इलॅस्टिकच्या दुकानात गेलो, काकांनी विचारलं, "पायजम्याला की फ्रॉकला?" मी म्हटलं हार्ड डिस्कला. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि पाऊण इंची पांढरं इलॅस्टिक दोन मीटर मोजून दिलं. सीडी ड्राइव्हच्या रिकाम्या खणात दोन्ही बाजूच्या भोकांतून ते ओवायचं, मधे एक-दोन पीळ द्यायचे आणि त्या पिळांत डिस्क सरकवायची, पत्र्याला कुठे टेकता कामा नये. बटण दाबलं आणि मला वाटलं चालूच झाली नाही. गरम होईल अशी भीती सगळे घालतात, पण २००७ ला गुगलच्या इंजिनियरांनी लाखाच्या वर डिस्कचा अभ्यास छापला त्यात तापमान आणि बिघाड ह्यांचा संबंध समजतात तेवढा घट्ट निघाला नव्हता, फार गरम आणि जुन्या डिस्क सोडल्या तर. तरी एप्रिल-मेमधे मी समोर एक हळू पंखा ठेवतोच.

पुढचा शांत काळ विजेच्या बिलाने आणला. २००७ ला वेस्टर्न डिजिटलने ग्रीन डिस्क काढल्या, वीज कमी खायची म्हणून वेग कमी, साधारण ५४००, आणि वेग छापायच्या ऐवजी इंटेलिपॉवर असा गोलमाल शब्द छापला. शांत मात्र खरंच होत्या. फक्त आठ सेकंद काम नसलं की हेड बाजूला ठेवायच्या, टिक्, परत उचलायच्या, टिक्. सॅमसंगच्या स्पिनपॉइंट पण शांततावाल्यांच्या लाडक्या. मग २०११ ला सॅमसंगने डिस्कचा धंदा सीगेटला विकला, हिताचीचा वेस्टर्न डिजिटलकडे गेला, थायलंडमधे पूर आला, भाव भडकले, आणि धूळ खाली बसली तेव्हा डिस्क बनवणारे तीनच उरले, तिसरी तोशिबा.

आणि मग एसएसडी, तबकड्यांऐवजी चिपमधे साठवणारी. ज्यात हलणारं काहीच नाही तिचा आवाज काय येणार. ज्यांना वेग हवा ते सगळे तिकडे गेले, लॅपटॉप गेले, सेट-टॉप बॉक्सचा जमाना ओसरला. हार्ड डिस्कला गिऱ्हाईक उरलं ते मुख्यतः डेटा सेंटर, आणि तिथे रात्री डिस्कशेजारी कोणी गादी घालून झोपत नाही. २०१३ ला हिलियम भरलेल्या डिस्क आल्या. हिलियम हवेच्या सातव्या भागाएवढा हलका, तबकड्यांना कमी घासतो, म्हणून त्याच डब्यात सात तबकड्या बसल्या. घुंई त्यात बरी असते, पण हेडं खूप आणि झटके जोराचे, त्यामुळे कटकट जोरात परत आली. वर काही मोठ्या डिस्क रिकाम्या असताना दर पाच सेकंदांनी खट् करतात, झीज एका जागी होऊ नये म्हणून हेड मुद्दाम हलवतात. माझा मित्र डिस्क मरतेय समजून बॅकअप घेत बसला होता.

२०२० चा किस्सा तर फारच आवडीचा. वेस्टर्न डिजिटलच्या मोठ्या रेड डिस्कवर ५४०० क्लास लिहिलेलं, लोकांनी माइक लावून आवाजाचा आलेख काढला तर शिखर ९० ला नाही, १२० हर्ट्झला. म्हणजे ७२००. कंपनीचं म्हणणं, क्लास म्हणजे परफॉर्मन्सचा क्लास, फिरायचा वेग नव्हे. डोळ्यांना फसवता आलं, कानांना नाही.

उलटं पण खरं आहे बरं का, आवाजाने डिस्क बिघडते. २००८ मधे सन मायक्रोसिस्टिम्सच्या ब्रेंडन ग्रेगने डिस्कच्या रॅकवर जोरात ओरडून दाखवलं की त्यांचा वेग पडतो. २०१६ ला बुखारेस्टमधे एका बँकेच्या डेटा सेंटरात आग विझवायच्या गॅसची चाचणी घेतली तर त्याच्या नुसत्या आवाजाने डिस्क निकामी झाल्या. आपल्याकडे नाशिक ढोल आहे. मावशी मेन रोडला राहते, विसर्जनाच्या दिवशी तिच्याकडचा कॉम्प्युटर मी सकाळीच बंद करून येतो, लोक हसतात, हसू देत.

तर मित्राला शेवटी काय सांगितलं. विंडोज एसएसडीवर टाक. साठवणूक चार-पाच टीबीपर्यंत असेल तर लॅपटॉपवाली अडीच इंची, सगळ्यात शांत, पण त्या बहुतेक एसएमआर असतात, म्हणजे माहितीच्या रेघा एकमेकींवर थोड्या चढवलेल्या, त्यामुळे लिहायला हळू, बॅकअपला चालतात. साडेतीन इंचीच हवी तर कमी क्षमतेची सीसीटीव्हीवाली बघ, वेग कमी असतो आणि इथल्या दुकानांत तीच पटकन मिळते. डेटाशीटवर २.५ बेल लिहिलं असेल तर ते २५ डेसिबल, पण तो यंत्रातून निघणारा एकूण आवाज, कानाशी पोचणारा नाही, म्हणून दुसऱ्या कोणी मीटरने मोजलेल्या आकड्याशी ताडून बघू नकोस. दोन सारख्या डिस्क म्हणजे दुप्पट आवाज नाही, तीन डेसिबल जास्त, कानाला दुप्पट वाटायला दहाएक लागतात. आणि दहा टीबीच्या वरची घ्यायची असेल तर शांतता विसर, छोटा नॅस, म्हणजे नेटवर्कला जोडायचा डिस्कचा वेगळा डबा, घे, पोटमाळ्यावर ठेव आणि खाली लांब वायर सोड.

त्याने अडीच इंची घेतली, आणि इलॅस्टिकचंही विचारलं. त्याचं एकच लक्षात ठेवायचं, दीड-दोन वर्षांत ते सैल पडतं, डिस्क खाली पत्र्याला टेकते आणि घुंई परत सुरू होते, म्हणून मी दर दुसऱ्या दिवाळीच्या साफसफाईत नवं ओवतो, पंखा बंद व्हायच्या आत.