दोन गाण्यांच्या मधे

नव्वदच्या दशकात आमच्या गल्लीतल्या दुकानात कॅसेट भरून मिळायची. कागदावर गाणी लिहून द्यायची, दोन दिवसांनी कॅसेट न्यायची. साठची कॅसेट, म्हणजे एका बाजूला तीसच मिनिटं; शेवटचं गाणं हमखास अंतऱ्यात तुटायचं. ते चालायचं. पण एका कॅसेटमध्ये, सगळी गाणी माझ्याच आवडीची असूनही, तिसरं संपून चौथं सुरू झालं की दात आंबल्यासारखं व्हायचं. कारण कळलं ते पुढे पेटी शिकताना.

तिसरं गाणं काळी एकमधलं, म्हणजे त्याचा षड्ज (सा) पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीवर; चौथं पांढरी दोनमधलं, म्हणजे सा दुसऱ्या पांढऱ्या पट्टीवर. पेटीवर या अगदी शेजारच्या पट्ट्या, मधे फक्त अर्ध्या स्वराचं अंतर. पण दोन्हीकडून सातही शुद्ध स्वर वाजवून बघा : सामाईक पट्ट्या निघतात दोनच. आता काळी एकनंतर काळी चार घ्या. दिसायला लांब, पण ती काळी एकचा पंचम (प). इथे सातातल्या सहा पट्ट्या सामाईक! गाणं थांबलं तरी त्याचा षड्ज थोडा वेळ कानात रेंगाळतो आणि पुढचं गाणं आपण नकळत त्याच्याशी ताडून पाहतो. (मुद्दाम दचकवायचं असेल तर अर्ध्या स्वराची उडी झकास.)

तबकड्या वाजवणाऱ्या डीजेला याशिवाय लयही जुळवावी लागते. तबकडी जोरात फिरवली की खाचेतली वळणं सुईखालून भराभर सरकतात, त्यामुळे लयीबरोबर स्वरही चढतो. मिनिटाला १०० ठोक्यांचं गाणं १०६ वर नेलं की ते जवळजवळ अर्धा स्वर वर जातं. म्हणजे लय जुळली, पण काळी एकची झाली पांढरी दोन! संगणकावर आता लय आणि स्वर वेगवेगळे हलवता येतात. गाण्यांचा लहानमोठा आवाजही ॲप आपोआप एका पातळीला आणतं.

क्रम मात्र डोक्यात कोरला जातो. जॉर्जटाउन विद्यापीठातल्या संशोधकांचा याविषयीचा प्रयोग २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. लोकांना ओळखीच्या सीडीतल्या गाण्यांचे शेवट ऐकवले, त्यापुढे नुसती शांतता. त्या शांततेत, काहीच वाजत नसताना, त्यांच्या मेंदूच्या पुढच्या भागात हालचाल दिसली : पुढच्या गाण्याची तयारी सुरू झाली होती.

माझी ती कॅसेट केव्हाच गुंडाळली गेली. पण आजही रेडिओवर ते तिसरं गाणं संपलं, की निवेदक बोलायच्या आत माझ्या कानात पांढरी दोन लागते, आणि दात आंबतात.