दुधाच्या खाड्यांशेजारचे आकडे

नाशिकला एका मैत्रिणीच्या स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेलं आहे. दुधाचे खाडे, सिलिंडर लावल्याची तारीख हे त्यावर असतंच. पण प्रत्येक चौकटीच्या कोपऱ्यात पेन्सिलने एक बारीक आकडाही असतो. ७, ६, ७, ५, ४, ३. गेल्या मार्चमध्ये तो तीनवर आला, त्या रात्री अडीच वाजता तिचा नवरा फळीवरचे सगळे डबे खाली काढून पुसत बसला होता. 'इतकं फ्रेश कधीच वाटलं नव्हतं,' म्हणाला. त्याआधीचे तीन महिने त्याला आंघोळीलाही उठवावं लागत होतं, त्यामुळे तिला आधी हायसंच वाटलं. चला, सुटलो एकदाचे!

आकडे त्याच्या झोपेच्या तासांचे. त्याला बायपोलर आहे. पुस्तकात 'द्विध्रुवीय विकार' लिहितात, दवाखान्यात मात्र सगळे बायपोलरच म्हणतात. एका टोकाला उन्माद: अंगात मावत नाही इतकी ताकद, न थांबणारं बोलणं, उधळपट्टी, मोठमोठे बेत, कुणी अडवलं की संताप. हे किमान आठवडाभर टिकतं. त्याचं सौम्य रूप चार दिवसांतही ओळखता येतं. दुसऱ्या टोकाला दोन आठवडे किंवा त्याहून जास्त चालणारं नैराश्य. मधल्या काळात माणूस चारचौघांसारखा असतो. सकाळी हसू आणि संध्याकाळी चिडचिड, याला आपण सर्रास 'बायपोलर' म्हणतो. ते हे नव्हे.

झोप कमी झाली म्हणजे निद्रानाशच, असं नाही. निद्रानाशाचा माणूस सकाळी पिंजून निघालेला असतो. उन्मादाकडे निघालेला माणूस तीन तास झोपून ताजातवाना उठतो, कारण त्याला झोपेची गरजच वाटत नाही. अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ थॉमस वेअर आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये असं मांडलं, की दुःख, बाळंतपण, प्रवास, रात्रपाळी अशी उन्मादाची वेगवेगळी कारणं शेवटी एकाच वाटेने येतात: झोपमोड. म्हणजे धूरही तोच आणि ठिणगीही तीच. पिट्सबर्गच्या मानसशास्त्रज्ञ एलन फ्रँक यांनी याच धाग्यावरून एक उपचारपद्धती बांधली. उठण्याची वेळ, दिवसात पहिल्यांदा कुणाशी बोलण्याची, कामाला लागण्याची, रात्रीच्या जेवणाची आणि अंथरुणावर पडण्याची, अशा पाच वेळा रोज जवळपास सारख्या ठेवायच्या. या पाचांतल्या निदान तीन वेळा नवरा किंवा बायकोच्या हातात असतात. माझ्या मैत्रिणीच्या घरी कोजागरीचं दूध दहाला होतं आणि अकराला दिवे बंद. शेजारी नावं ठेवतात.

गोळ्यांची, म्हणजे बायपोलरवरच्या लिथियम या औषधाची, गोष्ट थोडी सविस्तर सांगायला हवी, कारण जोडीदाराची चूक इथे महागात पडते. १९४९ मध्ये मेलबर्नचे मानसोपचारतज्ज्ञ जॉन केड यांनी उन्मादाच्या दहा रुग्णांना लिथियम देऊन काय झालं ते प्रसिद्ध केलं. त्यांतला पहिला रुग्ण पाच वर्षं उन्मादात होता. काही महिन्यांत तो इतका सुधारला की घरी गेला, जुन्या नोकरीवर रुजूही झाला. मग त्याने औषध सोडलं आणि सहा महिन्यांत परत रुग्णालयात आला. पुढे १९५० मध्ये तो गेला, तो लिथियमच्या विषबाधेने. रक्तातली पातळी नेमाने मोजण्याची पद्धत तेव्हा नव्हती. लिथियम आजही पहिल्या फळीचं औषध आहे आणि आत्महत्या टाळण्याच्या बाबतीत त्याच्याइतका भक्कम पुरावा फार थोड्या औषधांकडे आहे. मात्र त्या पहिल्या रुग्णाचे दोन्ही धोके तसेच आहेत: बरं वाटलं म्हणून बंद करणं, आणि पातळी वाढणं.

पातळी साधारण ०.६ ते १.० मिलिमोल प्रतिलिटर हवी, १.५ च्या वर विषबाधेची भीती. शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी रक्त द्यायचं असतं, म्हणून तपासणीच्या सकाळी गोळी आधी घ्यायची नाही. मूत्रपिंडाला लिथियम आणि मिठातलं सोडियम यांतला फरक फारसा कळत नाही. शरीरात पाणी-मीठ कमी पडलं की ते सोडियम धरून ठेवतं, त्यासोबत लिथियमही. आता आपली घरं बघा. सासऱ्यांचं बीपी वाढलं म्हणून मैत्रिणीने आमटीतलं मीठ निम्मं केलं होतं. निर्जळी एकादशी, वैशाखातली लग्नं, जुलाब, गुडघा दुखतो म्हणून घेतलेली आयब्युप्रोफेनची गोळी, बीपीची काही औषधं, या प्रत्येकाने पातळी वर जाऊ शकते. हातातली कपबशी वाजायला लागली, उलट्या झाल्या, जीभ जड झाली, चाल अडखळली, तर पुढचा डोस न देता तडक डॉक्टरकडे जायचं. जेवणातलं मीठ अचानक कमी करायचं नाही, वाढवायचंही नाही.

आणि एक. चहात गोळी विरघळवून देणाऱ्या घरांची मला चीड येत नाही, हतबलता कळते. पण एकदा ते उघडकीला आलं की त्या घरचा चहाच संपतो.

पहाऱ्याचाही त्रास होतो. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मिक्लोविट्झ यांनी १९८८ मध्ये उन्मादातून सावरून घरी गेलेल्या रुग्णांचा नऊ महिने मागोवा घेतला. ज्या घरांत टोमणे, राग किंवा गुदमरवणारी काळजी जास्त होती, तिथे आजार जास्त वेळा उलटला. नंतर त्यांनी कुटुंबासोबत नऊ महिन्यांत एकवीस बैठकांचा उपचार तयार केला; त्याचा मोठा भाग एकमेकांशी बोलायला शिकण्याचाच आहे. मैत्रिणीच्या नवऱ्याने एकदा तिला सुनावलं होतं, 'तू चिडलीस तर तो राग, मी चिडलो तर तो आजार!' तेव्हापासून ती हसण्या-चिडण्याची नोंद ठेवत नाही, फक्त झोपेची.

दोघांनी एक कागद लिहिला आहे, अर्थात चांगल्या दिवसांत. झोप सलग दोन रात्री पाच तासांखाली गेली तर ती त्याला न विचारता डॉक्टरांना फोन करणार. क्रेडिट कार्ड तिच्याकडे, यूपीआयची मर्यादा खाली, गाडीची किल्ली भावाकडे. सही त्याची. उन्मादात असा कागद कोण ऐकतो, असं वाटेल. पण तो आपल्याच अक्षरात असला की भांडण निदान बायकोशी राहत नाही. कायद्यातही याला जागा आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ५ नुसार आजारपणात कोणते उपचार हवेत, कोणते नकोत हे आधी लिहून ठेवता येतं, आणि कलम १४ नुसार साध्या कागदावर सही करून आपला प्रतिनिधी नेमता येतो.

उन्मादाची धास्ती मोठी असते, पण दिवस खाऊन टाकतं ते नैराश्य. अमेरिकेत १४६ रुग्णांच्या लक्षणांची सरासरी १२.८ वर्षं आठवड्यागणिक नोंद ठेवली, तेव्हा ३२ टक्के आठवडे नैराश्याच्या लक्षणांचे निघाले, उन्मादाचे जेमतेम ९. या काळात 'जरा बाहेर पड, बरं वाटेल' याचा उपयोग होत नाही. शेजारी बसून गिळायला दोन घास पुढे करण्याचा होतो. नुसत्या नैराश्याच्या गोळ्या चालू केल्या तर कधी उन्माद उसळतो, म्हणून बायपोलर आहे हे प्रत्येक नव्या डॉक्टरला सांगावं. मरणाचे विचार येतात का, हे सरळ विचारावं. विचारल्याने ते डोक्यात शिरत नाहीत. उत्तर 'हो' आलं तर एकटं सोडू नये, घरातला गोळ्यांचा साठा आपल्याकडे घ्यावा आणि डॉक्टरांना गाठावं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक रात्रीही चालतो, आणि थकलेल्या जोडीदारालाही तो लावता येतो.

कालनिर्णयच्या चौकटीत हल्ली दोन आकडे दिसतात. झोपेची नोंद आता तो स्वतःच करतो, आणि दुसरा आकडा तिच्या झोपेचा आहे. परवा मी गेले तेव्हा त्याच्यापुढे सात होते, तिच्यापुढे साडेपाच.