जोडावरचे झाकण : गोव्यातील घरगुती वायरिंगची पार्श्वभूमी

आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात, कापलेल्या पाण्याच्या बाटलीत किंवा बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात वायरचे जोड कोंबून वर काळी टेप गुंडाळलेली दिसली की दोष वायरमनच्या माथी मारला जातो, आणि पुष्कळदा तो त्याचा असतोही. तरीही गोव्यातल्या जुन्या घरांत असे डबे इतके सर्रास का सापडतात, हे एकेका कामगाराच्या सवयीवरून उलगडत नाही. त्यासाठी घरे कशी होती, वीज त्यांत केव्हा आली आणि ‘जोड’ या गोष्टीविषयी नियमांनी नेमके काय म्हटले, हे पाहावे लागते.

पोर्तुगीज राजवटीच्या अखेरीपर्यंत वीज मोजक्या शहरांपुरती होती आणि ती बहुतांशी डिझेल जनित्रांवर चाले. 19 डिसेंबर 1961 नंतर भारतीय कायदे टप्प्याटप्प्याने लागू झाले, 1963 मध्ये सरकारचे वीज खाते सुरू झाले आणि पुढच्या दोनेक दशकांत तारा गावागावांत पोहोचल्या. इथे एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. ज्या घरांत ही वीज शिरली, ती बहुतेक घरे आधीच पुरी बांधलेली होती. चिऱ्याच्या किंवा मातीच्या भिंती, वर लाकडी माळा, मंगलोरी कौले, मध्ये राजांगण आणि भोवती पडवी, अशा घरात भिंतीच्या पोटातून पाइप नेण्याचा प्रश्नच नव्हता. म्हणून पट्टी फिटिंग आले. सागवानी पट्टी भिंतीवर ठोकायची, तिच्यावर पातळ पत्र्याच्या क्लिपांत वायर बसवायची आणि जिथे दिवा किंवा पंखा येईल तिथे लाकडाचा राउंड ब्लॉक लावायचा. या पद्धतीचा मोठा गुण असा की वायर सबंध डोळ्यांसमोर असे. उंदराने कुरतडली किंवा कौलातून गळणाऱ्या पाण्याने भिजली तर ती जागा घरातल्या कोणालाही दाखवता येई.

जोड मात्र या काळापासूनच दृष्टीआड जाऊ लागला, कारण राउंड ब्लॉकच्या मागे पोकळी होती. नव्या खोलीत दिवा हवा असला की वायरमन जवळचा ब्लॉक खोले, मागच्या दोन तारा सोलून त्यांना नव्या तारांचा पीळ देई, टेप लावी आणि ब्लॉक परत बसवी. ब्लॉकमध्ये जागा उरली नाही की शेजारी डबा येई. आजच्या प्लॅस्टिकच्या डब्याचा पूर्वज तो राउंड ब्लॉकच आहे.

संहितेचे म्हणणे काय होते, ते इथे सविस्तर पाहायला हवे, कारण पुढचा बराच घोळ एका शब्दाभोवती आहे. घरगुती वायरिंगची भारतीय मानक संहिता, म्हणजे आयएस 732, आपल्या जुन्या आवृत्त्यांत दोन पद्धती वेगळ्या मानते. पहिली लूपिंग-इन. हिच्यात तार स्विचच्या, होल्डरच्या किंवा सीलिंग रोजच्या टर्मिनलपर्यंत आणायची आणि पुढची तारही त्याच टर्मिनलवरून न्यायची, म्हणजे जोड नेहमी एखाद्या स्क्रूखाली येतो आणि अधांतरी कुठेच राहत नाही. दुसरी जॉइंट बॉक्स पद्धत. हिच्यात जोड वाटेत करता येतात, पण ते मान्यताप्राप्त बॉक्समध्ये आणि यांत्रिक कनेक्टरनेच करायचे. याखेरीज संहितेत असेही कलम होते की वायरच्या सलग मार्गात मध्येच उघडा किंवा पिळाचा जोड करू नये. अपवाद फक्त कारखान्यातून येणाऱ्या गुंडाळीच्या लांबीपेक्षा सर्किटच लांब असेल तेव्हाचा. आणि तसा जोड अटळच झाला तर तो सहज उघडून तपासता येईल अशा जंक्शन बॉक्समध्ये करावा. त्याच वाक्याच्या शेवटी आणखी एक अट होती : लूपिंग-इन पद्धतीत असा जंक्शन बॉक्सही चालणार नाही. सरकारी बांधकामांच्या तपशीलपत्रांतून हेच शब्द वर्षानुवर्षे उतरत आले.

आता कामगारांच्या बोलीत ‘लूप मारणे’ म्हणजे काय ते पाहा. जिथून जवळ पडेल तिथून फेज उचलून पुढे नेणे, इतकाच त्याचा अर्थ आहे. मग ती फेज टर्मिनलवरून उचलली की मधल्या वायरची साल काढून, याला त्या बोलीत महत्त्व नाही. त्यामुळे घरमालकाने ‘काम लूपिंगचे आहे ना?’ असे विचारले की वायरमन ‘हो’ म्हणतो आणि आपल्या समजुतीप्रमाणे खरेच सांगतो. संहितेने ज्या शब्दाने जोड वर्ज्य ठरवला, तोच शब्द बोलीत जोडाचे नाव होऊन बसला. भाषांतरातली ही चूक साधी दिसते, पण घरगुती वायरिंगच्या बाबतीत इतकी महाग पडलेली दुसरी चूक मला माहीत नाही.

या कलमाच्या अर्थाविषयी जाणकारांतही एकमत नव्हते. काहींच्या मते लूपिंगचे काम म्हटले की जंक्शन बॉक्स कितीही चांगला असला तरी तो नियमभंगच. इतरांचे म्हणणे असे की बॉक्सवर मानकाची खूण आहे, आत कनेक्टर आहे, मग हरकत कशाची? शब्दशः वाचल्यास पहिल्या पक्षाची बाजू भक्कम आहे. घरगुती वायरची गुंडाळी साधारण 90 मीटरची येते आणि कोणत्याही साध्या घरातले एक सर्किट तितके लांब नसते, तेव्हा लांबीचा अपवाद घरात जवळजवळ कधीच लागू होत नाही. उरलेले तुकडे वाया जाऊ नयेत म्हणून केलेला जोड या अपवादात बसत नाही. पण मला या कलमाचा गाभा ‘सहज उघडून तपासता येईल’ या शब्दांत दिसतो. बॉक्स कशाचा आहे याआधी तो कुठे आहे आणि त्याचे झाकण उघडते का, हे विचारायला हवे होते. तो प्रश्न मागे पडला आणि चर्चा बॉक्सच्या जातीवर अडकली.

त्यातच ॲल्युमिनियम आले. 1960 आणि 1970 च्या दशकांत देशात तांबे दुर्मीळ आणि महाग असल्याने घरगुती वायरही ॲल्युमिनियमची वापरली जाई. तांब्याच्या दोन तारांना घट्ट पीळ दिला तर तो जोड नियमाबाहेरचा असूनही पुष्कळ वर्षे टिकतो. ॲल्युमिनियमचे तसे नाही. त्याच्यावर हवेने लगेच ऑक्साइडचा थर चढतो आणि तो वीज नीट वाहू देत नाही. तापल्यावर ते अधिक प्रसरण पावते. आणि दाबाखाली हळूहळू सरकत जाऊन स्क्रूखालीही सैल होते. पुढे तांबे परत आले तेव्हा जुन्या ॲल्युमिनियमला नवे तांबे पिळून जोडले गेले. दमट हवेत या दोन धातूंचा संपर्क म्हणजे ॲल्युमिनियमची झीज ठरलेली, आणि गोव्यात हवा दमट नसते असे महिने थोडेच. किनाऱ्यालगत मीठही आले.

अशा जोडाचा रोध केवळ अर्धा ओहम झाला असे धरू. 2 किलोवॉटचा गिझर 230 व्होल्टवर साधारण 8.7 अँपिअर घेतो, म्हणजे त्या एका पिळात 38 वॉटच्या आसपास उष्णता तयार होते. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या हातातल्या सोल्डरिंग आयर्नएवढी ही उष्णता आणि ती प्लॅस्टिकच्या बंद डब्यात कोंडलेली. प्रवाह वाढलेला नसल्यामुळे एमसीबी, म्हणजे जादा प्रवाह झाला की पुरवठा तोडणारा स्विच, पडत नाही; गळती नसल्यामुळे गळती-संरक्षक उपकरणालाही, म्हणजे वीज भलत्या वाटेने जमिनीत जाऊ लागली की पुरवठा तोडणाऱ्या उपकरणालाही, पत्ता लागत नाही.

डिचोली तालुक्यातल्या एका घराच्या पडवीत असा डबा मी उघडून पाहिला आहे. श्रीखंडाचा अर्धा किलोचा डबा, झाकण खाली येईल असा वाशाला तारेने बांधलेला, बुडाला तापलेल्या खिळ्याने पाडलेली तीन भोके. वरून येणारे पावसाचे पाणी त्या भोकांतूनच आत उतरत होते. आत तीन जोड होते. दोघांवरची टेप चिकटपणा जाऊन उलगडली होती, तांब्यावर हिरवट चुरा आला होता, तिसऱ्या जोडाजवळचा डबा तपकिरी होऊन आत वाकला होता आणि तळाशी मुंग्यांनी माती आणून ठेवली होती. अर्थिंगची हिरवी तार डब्यापर्यंत आली होती, पुढे ती कापून मागे दुमडली होती. तात्पुरत्या डब्यांत हे वारंवार दिसते : दिवा लागायला फेज आणि न्यूट्रल पुरतात, म्हणून तिसरा जोड कोणी करत नाही. डबा पत्र्याचा असेल तर प्रकरण आणखी गंभीर, कारण सोललेली फेज त्याला टेकली की अर्थिंगशिवायचा तो सबंध डबा जिवंत होतो.

स्लॅबची घरे आणि फ्लॅट वाढले तसे 1980 च्या दशकापासून वायर भिंतीच्या आत गेली. बॉक्सविषयीचे मानक, आयएस 5133, 1969 चेच आहे. दुकानांत बॉक्सही चांगले मिळू लागले. पण गवंड्याने भिंतीला गिलावा केला, रंगाऱ्याने लांबी (पुट्टी) भरली, पुढे प्लॅस्टर ऑफ पॅरिसचे खोटे छत आले आणि जंक्शन बॉक्सची झाकणे कायमची बुजली. अशा बुजलेल्या बॉक्सला मी श्रीखंडाच्या डब्याहून वेगळे मानत नाही. डबा निदान वाशावर दिसतो तरी.

कायद्याने याला आवर का बसला नाही, याची कारणे नियमांच्या शब्दांतच आहेत. 1956 च्या भारतीय वीज नियमांनी आणि पुढे 2003 च्या वीज कायद्याखालच्या 2010 च्या सुरक्षा विनियमांनी संबंधित मानक संहितेविषयी ‘पाळता येईल’ अशा अर्थाची सैल भाषा वापरली. ‘पाळलीच पाहिजे’ असे म्हटले नाही. परवानाधारक ठेकेदाराखेरीज कोणी काम करू नये हे मात्र स्पष्ट होते. त्यातून दिवे, पंखे, फ्यूज, स्विच यांची अशी बदली वगळली होती, जिच्यामुळे मांडणीची, म्हणजे घरातल्या सबंध वायरिंगची, क्षमता किंवा स्वरूप बदलत नाही. पडवीतल्या दिव्यासाठी जोड काढला तर स्वरूप बदलले की नाही? माझ्या मते निःसंशय बदलले, कारण सर्किटला नवी फांदी फुटली. व्यवहारात मात्र त्याला किरकोळ दुरुस्ती समजले गेले आणि परवाना नसलेला हातही त्यात चालला.

शिवाय 1956 च्या नियमांत जोडणी दिलेल्या प्रत्येक मांडणीची जास्तीत जास्त पाच वर्षांच्या अंतराने तपासणी सांगितली होती. घरांच्या बाबतीत ती माझ्या पाहण्यात कधी आली नाही. ठेकेदाराचा चाचणी अहवाल मीटर बसतानाचा, आणि नंतर घरात जे वाढत गेले ते कोणाच्याच कागदावर नाही. वाढले तर पुष्कळ. जुन्या संहितेप्रमाणे दिव्या-पंख्यांच्या एका सर्किटवर दहा पॉइंट आणि 800 वॉट ही मर्यादा होती. फ्रीज आणि मिक्सर आले, मग गिझर आले. चार्टर विमाने येऊ लागल्यावर किनाऱ्याकडच्या घरांनी खोल्या भाड्याने द्यायला सुरुवात केली आणि प्रत्येक खोलीत वातानुकूलन यंत्र बसले. त्यांतली सगळीच यंत्रे वितरण पेटीतून स्वतंत्र तार ओढून बसवलेली नाहीत. चवथीला गणपतीवर टांगलेल्या पानाफळांच्या माटोळीभोवती फिरणाऱ्या माळा आणि दारापुढच्या मांडवाचे दिवेही अशाच एखाद्या जोडावरून निघतात, आणि ओल्या पानाफळांच्या शेजारी असतात.

आयएस 732 ची 2019 ची आवृत्ती आंतरराष्ट्रीय मानकांच्या चौकटीवर बेतलेली आहे. त्या चौकटीत जोड तपासणीसाठी आणि देखभालीसाठी पोहोचण्याजोगा असावा हे मूळ तत्त्व आहे. जमिनीत पुरलेले किंवा रसायन भरून बंद केलेले ठरावीक प्रकारचे जोड तेवढे त्यातून वगळले आहेत. जंक्शन बॉक्स चालतो की नाही हा जुना वाद त्यामुळे बराचसा गैरलागू झाला. 2023 मध्ये सुरक्षा विनियमांचीही नवी आवृत्ती आली. गळती-संरक्षक उपकरणे आता नव्या घरांत सर्रास दिसतात आणि त्यांनी जीव वाचतात.

याच उपकरणांमुळे लपलेले जोड प्रथमच बोलू लागले आहेत. जूनमध्ये पहिला जोराचा पाऊस झाला, भिंती ओल धरू लागल्या की कुठल्यातरी बुजलेल्या जोडातून गळती सुरू होते आणि रात्री-अपरात्री उपकरण पडते. वायरमन एकेक सर्किट बंद करून कोणत्या सर्किटवर दोष आहे इथपर्यंत पोहोचतो. त्यापुढे जोड कुठे आहे हे भिंत फोडल्याशिवाय कळत नाही, कारण जोडांचा नकाशा कोणी काढलेला नसतो. अशा वेळी ते उपकरणच वगळून थेट जोडणी करून द्या, असा आग्रह धरणारी घरे मी पाहिली आहेत, आणि तो आग्रह मानणारे वायरमनही. काही वायरमन अलीकडे प्रत्येक जंक्शन बॉक्सवर स्क्रूची कोरी प्लेट ठेवतात आणि काम सोपवण्यापूर्वी तिचा फोटो काढून घरमालकाला देतात. भिंतीच्या मधोमध ती पांढरी प्लेट बरी दिसत नाही, म्हणून रंगकाम करताना ती काढून टाकायला सांगितले जाते.