तिसऱ्या दिवशीचा चहा

दादाने सिगारेट सोडली त्याला तिसरा दिवस होता. जानेवारीतली सकाळ, नाशिकची थंडी ऐन भरात, आणि ओट्याशी उभ्या असलेल्या दादाला हातातला कप बशीत नीट ठेवता येत नव्हता. बोटं थरथरत होती. रात्रभर झोप नव्हती, छातीत धडधडत होतं, वहिनीवर उगाच खेकसून झालं होतं. "ओढत होतो तेव्हा बरा होतो की गं," तो मला म्हणाला. मी विचारलं, "सकाळपासून कितवा चहा?" त्याने मनातल्या मनात मोजलं. पाचवा.

मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. उपदेश दादाने वीस वर्षं ऐकले होते, त्यात माझेही होते. या घडीला आपल्या शरीरात काय चाललंय, हे मात्र त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्या सकाळी मी ते चहापासून सांगायला सुरुवात केली, आणि इथेही तिथूनच करते.

चहातल्या कॅफिनची विल्हेवाट आपलं यकृत लावतं. त्यासाठी त्याच्याकडे सीवायपी१ए२ नावाचं विकर, म्हणजे एन्झाइम, असतं. तंबाखू जळताना धुरात पॉलिसायक्लिक ॲरोमॅटिक हायड्रोकार्बन या गटातली रसायनं तयार होतात आणि ती यकृताला हे विकर जास्त बनवायला लावतात. लक्षात घ्या, हे काम धुराचं आहे, निकोटिनचं नाही. म्हणून ओढणाऱ्याच्या अंगातून कॅफिन भराभर निघून जातं. न ओढणाऱ्याच्या रक्तातलं कॅफिन निम्म्यावर यायला साधारण पाच-सहा तास लागतात, ओढणाऱ्याला साडेतीनच्या आसपास. धूर थांबला की पहिल्या काही दिवसांतच विकर कमी होऊ लागतं, आणि चहा तेवढाच राहिला तरी रक्तातलं कॅफिन दुपटीपर्यंत, कधी त्याहूनही वर जातं. दादाचा चहा तर तेवढाही राहिला नव्हता. सिगारेटची आठवण आली की तो चहा टाकायला लावत होता.

धडधड, हाताला कंप, झोपेचं खोबरं, चिडचिड. निकोटिन सुटल्यानेही यातलं बरंचसं होतं, म्हणून माणूस सगळं खापर सिगारेट सोडण्यावर फोडतो आणि पुन्हा टपरी गाठतो. निम्मा त्रास चहाचा असू शकतो हे त्याच्या गावीही नसतं. दादाला मी एवढंच म्हटलं, "आजपासून कप निम्मे कर, आणि संध्याकाळी सहानंतर चहा नको." दोन दिवसांनी तो रात्री सलग पाच तास झोपला.

याच विकरावर काही औषधंही अवलंबून असतात. दम्यासाठी थिओफायलिन घेणारे, किंवा मानसिक आजारासाठी क्लोझापिन, ओलान्झापिन घेणारे, यांनी सिगारेट सोडायच्या आधी डॉक्टरांना सांगायलाच हवं. धूर थांबल्यावर तोच डोस जास्त होऊ शकतो.

आता निकोटिन. झुरका घेतल्यापासून दहा-वीस सेकंदांत ते मेंदूत पोहोचतं. तिथे ॲसिटिलकोलीन या आपल्याच संदेशवाहकासाठी पेशींवर असलेल्या ग्राहींना, म्हणजे रिसेप्टरना, जाऊन चिकटतं आणि डोपामिन सुटतं, बरं वाटतं. रोज असा मारा होत राहिला की मेंदू त्या ग्राहींची संख्या वाढवतो. म्हणजे एका दाराच्या जागी चार दारं, आणि प्रत्येक दारात कुणीतरी काहीतरी मागत उभं. निकोटिन मात्र रक्तात टिकत नाही, दर दोन तासांनी निम्मं होतं. रात्रीच्या झोपेत ते तळाला जातं, म्हणून सकाळची पहिली सिगारेट एवढी गोड लागते. उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत ज्याला ती लागते, त्याचं व्यसन खोल आहे असं डॉक्टर धरतात. दादाला दात घासायच्या आधी लागायची.

"ताण आला की सिगारेटने हलकं वाटतं" हे मी शंभर जणांकडून ऐकलंय, आणि ते खोटं बोलत नाहीत. त्यांना खरंच हलकं वाटतं. पण तो ताण बराचसा मागच्या सिगारेटचं निकोटिन उतरल्याचा असतो. पायात चावणारी चप्पल दर दोन तासांनी काढल्यावर बरं वाटतं, तसं ते बरं वाटणं. सोडून काही आठवडे झालेल्यांची चिंता आणि उदासी सरासरीने आधीपेक्षा कमी झालेली आढळते.

त्रासाचं टोक पहिल्या दोन-तीन दिवसांत येतं आणि पहिला आठवडा जड जातो. दोन ते चार आठवड्यांत बराचसा जोर ओसरतो. वाढलेले ग्राही न ओढणाऱ्याच्या पातळीवर यायला सहा ते बारा आठवडे लागतात. एकेक तलफ मात्र काही मिनिटांचीच असते. ती चढते, माथ्यावर येते आणि उतरते, मग तुम्ही सिगारेट ओढा किंवा ओढू नका. हे दादाला पटेना, म्हणून मी त्याला घड्याळ लावायला सांगितलं. पहिल्या दिवशी साडेचार मिनिटं भरली. मला वाटतं त्या साडेचार मिनिटांनी त्याला माझ्या वीस वर्षांच्या बोलण्यापेक्षा जास्त धीर दिला.

चौथ्या दिवशी तो निकोटिनच्या गोळ्या घेऊन आला, चघळायच्या च्युइंगगमसारख्या. संध्याकाळी म्हणाला, "पैसे वाया गेले. उचक्या लागतात, घशात जळजळतं आणि तलफ आहे तिथेच." मी पाहिलं तर तो चहाचा घोट घेत घेत ती कचाकच चावत होता.

इथे रसायनशास्त्राचा एक सुंदर धागा आहे. निकोटिन हा सौम्य अल्कली आहे. आम्लात गेलं की त्याच्या रेणूवर विद्युतभार येतो आणि असा भारित रेणू गालाच्या आतल्या अस्तरातून रक्तात जाऊ शकत नाही. तोंडात अल्कली वातावरण असेल तर भार उतरतो आणि निकोटिन सहज आत शिरतं. आपल्या शेतातला मजूर तळहातावर तंबाखूला चुना लावून मळतो, तो नेमकं हेच करत असतो. चुन्याने तंबाखू अल्कली होते आणि निकोटिन मोकळं होतं. पाठ्यपुस्तक कधीही न उघडलेल्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या वापरलेलं हे रसायनशास्त्र आहे, आणि गोळी बनवणाऱ्यांनीही तीच युक्ती वापरली आहे. गोळीत अल्कली क्षार घातलेले असतात. चहा, कॉफी, सरबत, फळांचा रस यांच्यासोबत ती घेतली की सगळं पाण्यात. वर भराभर चावली की निकोटिन लाळेबरोबर पोटात जातं, म्हणून उचक्या आणि जळजळ.

रीत अशी आहे: गोळीआधी पंधरा मिनिटं आणि गोळी तोंडात असेपर्यंत पाण्याखेरीज काही प्यायचं नाही. हळूहळू चावायचं. चव तिखट झाली, हिरडीला चुणचुणलं की थांबायचं आणि गोळी गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवायची. चुणचुण गेली की पुन्हा थोडं चावायचं. असं अर्धा तास. ही कल्पना स्वीडनमधली आहे. पाणबुडीत सिगारेट ओढता येत नसे, तिथले खलाशी तोंडातल्या तंबाखूवर भागवत. ते कळल्यावर ओवे फेर्नो या रसायनशास्त्रज्ञाने निकोटिनचा गम तयार करायला घेतला. अशा निकोटिन-पर्यायांनी, म्हणजे गम किंवा त्वचेवर चिकटवायच्या पट्टीने, सोडण्यात यश येण्याची शक्यता साधारण दीडपट होते. पट्टी आणि गम जोडीने वापरले तर त्याहून जास्त. व्हॅरेनिक्लिन, बुप्रोपिऑन ही औषधंही आहेत, ती डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच. गरोदर बाई किंवा हृदयाचा आजार असलेल्याने गोळीसुद्धा विचारूनच घ्यावी.

चुन्याचा विषय निघाला म्हणून एक काळजी बोलून दाखवते. दादाला कंपनीतल्या एकाने प्रेमाने सुचवलं, "सिगारेट सोडायचीय ना, थोडी मळून खा." महाराष्ट्रात हा सापळा फार मोठा आहे. २०१६-१७च्या राष्ट्रीय पाहणीत आपल्या राज्यात धूर ओढणारे प्रौढ चार टक्क्यांच्या आत होते, पण तोंडाने तंबाखू खाणारे २४ टक्क्यांच्या घरात. धुरातून सुटून तोंडाच्या कर्करोगाच्या रांगेत उभं राहण्यात काही मिळवलेलं नसतं. बिडी 'हलकी' हा समजही तसाच. बिडीसाठी प्रसिद्ध असलेलं सिन्नर आपल्याच जिल्ह्यात, म्हणून हे आपल्याला कुणापेक्षाही नीट ठाऊक असायला हवं. तेंदूच्या पानातून हवा आत येत नाही आणि बिडी विझू नये म्हणून झुरके जास्त, तेही खोल घ्यावे लागतात. तंबाखू कमी असूनही निकोटिन, डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड सिगारेटच्या तोडीस तोड मिळतं.

शरीराचा भाग मला अवघड वाटत नाही, त्याचं वेळापत्रक ठरलेलं आहे. अवघड आहे ती टपरी.

दादा अंबडच्या औद्योगिक वसाहतीत काम करतो. फर्स्ट शिफ्ट सुटली की गेटबाहेरच्या टपरीवर चौघांचा कटिंग आणि चार सिगारेटी, वर्षानुवर्षं. चहाचा वास, स्टोव्हचा आवाज, त्या तिघांचे चेहरे, या सगळ्याशी मेंदूने निकोटिनची गाठ मारलेली असते. घरी तीन तास शांत असलेला माणूस तिथे पाऊल ठेवताच कासावीस होतो. त्यात त्याच्या मनाचा दुबळेपणा शोधू नये. घंटा वाजली की शाळेतली मुलं डबा काढतात, तसंच आहे हे.

कुणाच्याही मदतीशिवाय सोडणाऱ्यांपैकी सहा महिने ते वर्षभर टिकणारे शंभरात तीन ते पाच असतात, आणि बहुतेक जण पहिल्या आठ दिवसांतच परततात. हा आकडा मी दादाला आधी सांगितला नव्हता, नंतर सांगितला. मला त्यातून दिसतं ते असं, की त्या आठ दिवसांत माणसाला एकटं सोडू नये. निकोलस क्रिस्टाकिस आणि जेम्स फाउलर या संशोधकांनी अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅमच्या १२,०६७ माणसांच्या नातेसंबंधांचं जाळं १९७१ ते २००३ या काळासाठी तपासलं. नवरा किंवा बायकोने सोडली तर जोडीदार ओढत राहण्याची शक्यता ६७ टक्क्यांनी घटली, मित्राने सोडली तर ३६, भावंडाने सोडली तर २५, आणि छोट्या कंपनीतल्या सहकाऱ्याने सोडली तर ३४ टक्क्यांनी. माणसं सुटी सुटी न सोडता घोळक्याने सोडत होती. हे वाचताना माझ्या डोळ्यांपुढे ती टपरी आली.

घरच्यांनी काय करावं, हे मी चुका करून शिकले. "आज ओढलीस का?" हा प्रश्न विचारू नये, तो पहारा वाटतो. "आज तलफ कधी आली?" हे विचारलं की माणूस बोलतो. वहिनीने चिडचिड मनाला लावून न घेता दोन आठवडे काढले, त्याचं मोल मी शब्दांत सांगू शकत नाही. आम्ही घरातल्या चहाची वेळ बदलली, कप बदलले, दादा ओट्याऐवजी गच्चीत बसू लागला. कंपनीतून तो आठवडाभर मागच्या गेटने निघाला. खिशात लवंग आणि भाजलेली बडीशेप, तोंडाला चाळा म्हणून.

घरात असं कुणी नसेल तर सरकारची मोफत फोनसेवा आहे: १८००-११-२३५६. ती २०१६ साली दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमध्ये सुरू झाली आणि पुढे मुंबईचं टाटा मेमोरियल, बंगळुरूचं निम्हान्स आणि गुवाहाटीतली कर्करोग संस्था इथेही वाढली. समुपदेशक तुमच्याशी बोलून तारीख ठरवतात आणि नंतर स्वतः फोन करून विचारपूस करतात. २०१८पासून हा नंबर प्रत्येक पाकिटावर छापलेला आहे. दादाने तो कधी वाचला नव्हता, कारण तो सुटी सिगारेट घ्यायचा, पाकीट हातात येतच नसे. सुट्या विक्रीवर राज्याने २०२० साली बंदी घातली त्यामागचं एक कारण मला या गोष्टीत दिसतं. जिल्हा रुग्णालयांमध्ये तंबाखूमुक्ती केंद्राची सोयही राष्ट्रीय कार्यक्रमात आहे, तेव्हा त्र्यंबक रोडच्या सिव्हिलमध्ये जाऊन विचारायला संकोच करू नये. दातांच्या डॉक्टरांनाही विचारा.

नवव्या दिवशी, नाइट शिफ्टनंतर, दादाने दोन झुरके मारले. मला फोन करून म्हणाला, "संपलं सगळं." मेंदूची छायाचित्रं घेऊन केलेल्या एका अभ्यासात दिसलं होतं, की एक-दोन झुरक्यांनीही त्या ग्राहींपैकी निम्मे सुमारे तीन तास व्यापले जातात. म्हणून "एकच" हा शब्द धोक्याचा, हे खरं. पण नऊ दिवसांत जे सुधारलं ते दोन झुरक्यांनी पुसलं जात नाही. मी म्हटलं, "सिगारेट विझवलीस ना? मग घरी ये, झोप काढ. उद्या दहावा दिवस." तो आला.

तिसऱ्या आठवड्यात खोकला वाढला आणि तो घाबरला. श्वासनलिकेतले सूक्ष्म केस धुराने लुळे पडलेले असतात. ते पुन्हा हलू लागले की साचलेला कफ वर ढकलतात, म्हणून हा खोकला येतो. (खोकल्यात रक्त दिसलं किंवा तो लांबला तर मात्र डॉक्टरकडेच.) एका रविवारी आम्ही पांडवलेणीच्या पायऱ्या चढलो. मधे तो दोनदा थांबला, आधी चारदा थांबायचा. रिचर्ड डॉल यांनी ब्रिटिश डॉक्टरांचा १९५१पासून पन्नास वर्षं मागोवा घेतला. त्यात चाळिशीत सोडणाऱ्यांना सुमारे नऊ वर्षांचं आयुष्य परत मिळालेलं दिसलं, साठीत सोडणाऱ्यांनाही तीन. दादा बेचाळीसचा आहे. वर लेण्यांशी बसून मी हे सांगितलं तेव्हा तो काही बोलला नाही, पाणी प्यायला आणि खाली दिसणाऱ्या अंबडकडे बघत राहिला.

मार्चमध्ये त्याचा फोन आला. टपरीवरच्या तिघांपैकी एकाने त्याला बाजूला घेऊन विचारलं होतं, "ती गोळी कुठे मिळते रे?" त्या मित्राचा आज दुसरा दिवस. शिफ्ट सुटल्यावर दोघं मागच्या गेटने निघाले, वाटेत एका दुकानाशी थांबले. दादाने एक चहा सांगितला आणि दोघांत अर्धा अर्धा केला. मित्राने खिशातून गोळी काढली तशी दादाने ती त्याच्या हातातून घेतली आणि म्हणाला, "थांब, चहानंतर पंधरा मिनिटांनी."