अठरानंतरची वर्षं

मुलाला अठरा पूर्ण झाली की बाकीच्या घरांत लायसन्स, मतदार यादी, कॉलेजची फी असली बोलणी सुरू होतात. ज्या घरातलं मूल बौद्धिक दिव्यांग आहे, तिथे त्याच सुमारास शाळेचा दाखला हातात पडतो आणि सकाळची रिक्षा बंद होते. बारा-तेरा वर्षं डबा, दप्तर, रिक्षा असा लागलेला क्रम एका सोमवारी थांबतो. मुलगा मात्र गणवेश घालून दारात उभा राहतो. पुढे कित्येक दिवस.

सगळं अठरालाच का संपतं, याचं एक कारण साधं आहे. ही मुलं मोठी होतील असं कोणी धरलंच नव्हतं. डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलाचं सरासरी आयुर्मान १९२९ साली पाश्चात्त्य देशांतसुद्धा नऊ वर्षांच्या आसपास होतं. प्रतिजैविकं आली, पुढे लहान वयात हृदयाच्या शस्त्रक्रिया होऊ लागल्या आणि तिकडे आज तेच आयुर्मान साठीपर्यंत गेलं आहे. माणसं जगली, पण भाषा बालवाडीतच राहिली. 'मतिमंद मूल' जाऊन 'विशेष मूल' आलं, तरी मूल काही गेलं नाही. कानशिलं पिकलेल्या माणसाकडे बोट दाखवून 'आमची मुलं खूप गोड आहेत' असं सांगणारे कार्यकर्ते मी पाहिले आहेत, आणि त्यांचं काम फार मोलाचं आहे, हेही खरं.

शाळा-संस्था नव्हत्या तेव्हा आधार म्हणजे घर, वाडा, गाव. प्रत्येक वाड्यात एखादा 'भोळा' असायचा. देवाची फुलं आणणं, गिरणीत दळण टाकून येणं, लग्नकार्यात पाण्याच्या घागरी भरणं ही कामं त्याची. या आठवणी सांगताना लोक हळवे होतात. मुलीला पाहायला पाहुणे आले की त्याच भोळ्याला मागच्या खोलीत बसवून बाहेरून कडी घातली जायची, हे सांगायचं मात्र राहून जातं.

सरकारदरबारी त्याची पहिली ओळख वेडा म्हणून झाली. १९१२ च्या भारतीय वेडेपणाच्या कायद्यात 'ल्युनॅटिक' म्हणजे 'इडियट' किंवा अस्थिर बुद्धीची व्यक्ती, अशी व्याख्या होती. जन्मापासून शिकण्याचा वेग कमी असणं आणि तिशीत मनोविकार जडणं, दोन्ही एकाच खात्यावर. महाराष्ट्रात त्यासाठी नागपूर, ठाणे, येरवडा आणि रत्नागिरी ही चार मनोरुग्णालयं. 'याला ठाण्याला पाठवा' ही आपली चेष्टा तिथूनच आली. १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मतिमंदत्व व्याख्येतून वगळलं. शास्त्राच्या दृष्टीने ते बरोबरच होतं. पण एका खात्यातून नाव कमी झालं आणि दुसऱ्या खात्यात चढलं नाही. ते चढायला १९९५ चा अपंग व्यक्ती कायदा यावा लागला.

मधल्या काळात काम आईवडिलांनीच केलं. मुंबईत १९४४ साली वकील आडनावाच्या दांपत्याने आपल्या मुलीच्या निमित्ताने सुरू केलेली शाळा आज जय वकील म्हणून ओळखली जाते. पुण्यात १९६४ साली कामायनी आली. केंद्र सरकारची या विषयावरची राष्ट्रीय संस्था सिकंदराबादला उघडली ती थेट १९८४ मध्ये. या शाळांमधली मुलं वाढली, मिसरूड फुटलं, साड्या नेसायला लागली, तेव्हा शाळेलाच मागच्या बाजूला एक खोली जोडली गेली आणि पाटी लागली 'कार्यशाळा'. प्रौढांसाठीची पहिली सेवा आपल्याकडे अशी, शाळेच्या परसात, जन्माला आली.

ती खोली आतून पाहण्यासारखी असते. दिवाळीच्या आधी अशाच एका कार्यशाळेत मी तासभर बसलो होतो. मेणाच्या पणत्या दहा-दहाच्या पाकिटात भरायच्या होत्या. भरणाऱ्या गृहस्थांचं वय चाळिशीचं, आणि त्यांना दहापर्यंत मोजता येत नव्हतं. त्यांच्यापुढे एक लाकडी पट्टी होती, दहा खाचांची. एका खाचेत एक पणती. सगळ्या खाचा भरल्या की पट्टी पाकिटात रिकामी करायची. तासाभरात एकही पाकीट चुकलं नाही. शेजारी मोजता येणाऱ्या एका बाई होत्या, त्यांची दोन चुकली, कारण त्या माझ्याशी बोलत होत्या. त्या पट्टीत या क्षेत्राचं निम्मं शास्त्र आहे: माणूस बदलण्याआधी काम बदलून पाहा. उरलेलं निम्मं बाजारात अडतं. पणत्या, उटणं, राख्या, कागदी पिशव्या, सगळा माल सणासुदीचा. घेणारा दयेपोटी घेतो, म्हणून एकदाच घेतो. हातावर पडतं ते विद्यावेतन. त्याला पगार म्हणणं अवघडच.

१९९४ साली पुणे जिल्ह्यात दोन गोष्टी घडल्या. त्या शेजारी-शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय पुढचा इतिहास नीट कळत नाही.

पहिली शिरूरची. मतिमंद मुलींच्या तिथल्या सरकारी संस्थेतल्या तरुण स्त्रियांची गर्भाशयं पुण्यात ससून रुग्णालयात शस्त्रक्रिया करून काढण्यात आली. कारण सांगितलं गेलं ते पाळीतल्या स्वच्छतेचं: त्यांना ती राखता येत नाही, सांभाळणाऱ्यांना त्रास होतो. स्त्री संघटना रस्त्यावर आल्या, उरलेल्या शस्त्रक्रिया थांबल्या, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. त्या वेळच्या वादात शस्त्रक्रियेचं समर्थन करणारे सगळे दुष्ट नव्हते. त्यांच्यात थकलेल्या आयाही होत्या, हेच त्यातलं कठीण. पण पाळी हाताळायला शिकवता येतं. वेळ लागतो, माणसं लागतात, आणि संस्थेत नेमकी तीच कमी असतात. माणसं वाढवण्यापेक्षा शरीर कमी करणं स्वस्त पडलं.

दुसरी गोष्ट मुळशी तालुक्यातल्या कोळवण खोऱ्यातली. तिथे त्याच वर्षी साधना व्हिलेज सुरू झालं, मुलांसाठी नव्हे, प्रौढांसाठी. वॉर्ड आणि खाटांच्या रांगांऐवजी तिथे घरं आहेत आणि घरात राहणाऱ्या गृहमाता. राहणाऱ्यांना म्हणायचं 'विशेष मित्र'. स्वयंपाक, बाग, गोठा, गावातल्या माणसांशी येणंजाणं. नावातला हा फरक मला दिखाऊ वाटत नाही. मित्राचं गर्भाशय काढायचं का, हा प्रश्न बैठकीत ठेवायला जीभ रेटत नाही.

पुढच्याच वर्षी, १९९५ मध्ये, देशभरातल्या पालक संघटनांचा 'परिवार' हा महासंघ उभा राहिला. त्या सगळ्या पालकांच्या तोंडी एकच वाक्य होतं, आजही आहे: 'आमच्यानंतर काय?' १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा या वाक्यातूनच जन्मला, असं म्हणायला हरकत नाही. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता या चार गटांसाठीचा हा न्यास. त्याला केंद्राने शंभर कोटींचा निधी दिला आणि प्रत्येक जिल्ह्यात तिघांची स्थानिक समिती ठरवली: जिल्हाधिकारी, एका नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती. ही समिती अठरा पूर्ण झालेल्यासाठी कायदेशीर पालक नेमते. जन्मदात्या आईलाही पालकत्वासाठी अर्ज करावा लागतो, हे ऐकून घरोघरी धक्का बसतो. पण मुलगा सज्ञान झाला की बँकेत त्याच्या वतीने सही करायचा आईचा अधिकार आपोआप चालू राहत नाही. न्यासाच्या योजनांची नावं हिंदी आहेत: दिवसभराच्या केंद्रासाठी 'विकास', प्रौढांच्या कायमच्या निवाऱ्यासाठी 'घरौंदा', एक लाखापर्यंतच्या वैद्यकीय खर्चासाठी 'निरामय'. पालकांच्या मेळाव्यात सर्वांत जास्त चौकशी घरौंदाची होते.

इथेच गोम आहे. 'आमच्यानंतर काय' या प्रश्नाचं उत्तर नेहमी छप्पर हेच येतं. पण मुलगा अठराचा होतो तेव्हा आईवडील पन्नाशीच्या आत-बाहेर असतात. मधली तीस वर्षं त्याने करायचं काय? दोन तास घरी येऊन बसणारं माणूस, बस पकडायला शिकवणारं कोणी, आईला चार दिवस माहेरी जाता यावं एवढी सोय, या गोष्टींसाठी ना कोणी मोर्चा काढला, ना देणगी मागितली. देणगीदाराला इमारत दिसते, तिच्यावर नाव घालता येतं. बसस्टॉपवर उभ्या असलेल्या मदतनिसावर कोणाच्या आजोबांचं नाव घालणार?

कायद्याने ही मधली वर्षं पाहिली ती उशिरा. दिव्यांगांच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या करारावर भारताने २००७ साली शिक्कामोर्तब केलं. २००९ साली चंदीगडच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सौम्य बौद्धिक अपंगत्व असलेल्या स्त्रीच्या संमतीशिवाय तिचा गर्भपात करता येणार नाही, असं सांगितलं. शिरूरनंतर पंधरा वर्षांनी. मग २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आला. त्याचं पाचवं कलम सांगतं की दिव्यांग व्यक्तीला समाजात राहण्याचा हक्क आहे, अमुकच ठिकाणी राहा अशी सक्ती नको, आणि घरी, निवासात व वस्तीत मिळणाऱ्या आधारसेवा, वैयक्तिक मदतनीससुद्धा, तिला उपलब्ध व्हाव्यात. वाचून ऊर भरून येतो. मग क्रियापदाकडे लक्ष जातं: सरकार तसा 'प्रयत्न करील'.

प्रयत्नाऐवजी हक्क लिहिला तर काय होतं, त्याचा नमुना कॅलिफोर्नियात आहे. तिथल्या १९६९ च्या लँटरमन कायद्यातून प्रादेशिक केंद्रांचं जाळं उभं राहिलं. आज अशी २१ केंद्रं आहेत. प्रत्येक व्यक्तीमागे एक समन्वयक असतो, ठरावीक काळाने तिच्या सेवांची नवी आखणी होते, आणि ही नोंद अठराला बंद होत नाही. पैसे अपुरे म्हणून सेवा कापता येतील का, हा वाद १९८५ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयात गेला आणि सेवा हा हक्कच ठरला. मुलांसह तिकडे स्थायिक झालेले मराठी आईवडील परत यायचं की नाही याचा हिशेब करताना हे केंद्र एका पारड्यात ठेवतात. दुसऱ्या पारड्यात आजी-आजोबा असतात.

आपल्याकडे २०२२ साली राज्याने स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग काढला. संजय गांधी निराधार योजना १९८० पासून आहेच. ज्यांना मागे कोणीच नाही, त्यांचा अठराचा प्रश्न मात्र अमरावती जिल्ह्यातल्या वझ्झरला बालगृह चालवणारे शंकरबाबा पापळकर वर्षानुवर्षं मांडत आले आहेत. बालगृहाच्या नियमाने सज्ञान झालेल्याने बाहेर पडायचं. बाबांनी त्या बेवारस दिव्यांग मुलांना वडील म्हणून स्वतःचं नाव लावलं, त्यांना आपल्याकडेच ठेवून घेतलं, कित्येकांची लग्नं लावली आणि अशा प्रौढांच्या कायमच्या पुनर्वसनाचा कायदा करा म्हणून सरकारचे उंबरे झिजवले. २०२४ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

आता एक नवंच वळण समोर आहे. डाऊन सिंड्रोममध्ये ज्या एकविसाव्या गुणसूत्राची जादा प्रत असते, त्याच गुणसूत्रावर अल्झायमरशी संबंध असलेलं एक जनुक आहे. त्यामुळे यांच्यात विस्मरणाचा आजार इतरांपेक्षा वीस-तीस वर्षं आधी, कधी पन्नाशीच्या आतच, दिसू लागतो. पणत्यांच्या त्या कार्यशाळेतून निघताना तिथल्या शिक्षिकाबाईंनी मला आणखी एक टेबल दाखवलं. तिथे बसणारे काका पंचवीस वर्षं पाकिटं भरत होते, मोजणीत कधी चूक नाही. गेल्या पावसाळ्यापासून त्यांच्या पट्टीतल्या दोन-तीन खाचा रिकाम्या राहू लागल्या. बाईंना आधी वाटलं, काका आळस करताहेत. त्यांना घ्यायला येणारे वडील ऐंशीच्या पुढचे. वडिलांनी बाईंना विचारलं, 'सोपी पट्टी नाही का मिळणार? पाच खाचांची?'