काम गेलं? ईएसआयचा बेकारी भत्ता हक्कानं मागा

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यातून कमी केलेला कामगार परवा भेटला. "घरात बसून फुकटचे पैसे घ्यायचे म्हणजे लाज वाटते," म्हणाला. मी त्याची पगारपावती मागितली. १२,००० पगार, त्यातून दरमहा ९० रुपये ईएसआयचे, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याचे, कापलेले. मालकानं भरायचे ३९० वेगळे. दादा, हा विमा आहे. हप्ता तुम्ही भरलाय आणि ज्या दिवसासाठी भरला तो दिवस आता आलाय.

योजनेचं नाव अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना, २०१८ पासूनची. तिला वेळोवेळी मुदतवाढ मिळते, म्हणून ईएसआयच्या शाखा कार्यालयात गेलात की सध्याची मुदत आधी विचारा.

काम जाण्यापूर्वी किमान दोन वर्षं तुम्ही विमाधारक असायला हवं. वर्षाचे दोन हिस्से धरतात, एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. काम जाण्याच्या लगेच आधीच्या सहामाहीत ७८ दिवसांची वर्गणी भरलेली हवी, आणि त्याआधीच्या तीनपैकी कुठल्याही एका सहामाहीत पुन्हा ७८ दिवसांची. गैरवर्तनाबद्दल काढलं असेल, वय झाल्यानं किंवा स्वेच्छेनं निवृत्ती घेतली असेल, तर भत्ता नाही.

म्हणूनच हिशेब देताना पुढे सरकवलेल्या कोऱ्या कागदावर किंवा राजीनाम्यावर सही करू नका. 'स्वखुशीनं काम सोडलं' असं एकदा लिहून दिलं की नंतर काम गेलं हे पटवताना जीव मेटाकुटीला येतो. थकलेली मजुरी मिळावी म्हणून माणूस घाईत सही करतो, हे मी पाहिलंय.

पैसे किती? मागच्या चार सहामाहींची एकूण कमाई भागिले ७३०, ही रोजची सरासरी. तिच्या निम्मे, जास्तीत जास्त ९० दिवस. सलग दोन वर्षं १२,००० मिळाले असतील तर रोजचे सुमारे १९७ रुपये, ९० दिवसांचे साधारण १७,७५०. लूम (यंत्रमाग) मधल्या काळात बंद राहिला असेल, खाडे झाले असतील, तर सरासरी खाली येते. हा लाभ आयुष्यात एकूण ९० दिवसांचाच. काम गेल्यापासून ३० दिवसांनी तो देय होतो.

अर्ज ईएसआयच्या पोर्टलवर, आपल्या विमा क्रमांकानं लॉगिन करून. मालकामार्फत पाठवायची गरज नाही, दावा थेट तुमचा. आधार, आयएफएससी कोड दिसेल असं पासबुकाचं पहिलं पान आणि विमा क्रमांक जवळ ठेवा. आधारवरचं आणि पासबुकावरचं नाव अक्षर न् अक्षर जुळतंय का, ते आधी बघा. आपल्याकडं वडिलांचं नाव एका कागदावर असतं, दुसऱ्यावर नसतं. आडनावाचं स्पेलिंग तर हमखास वेगळं. ते आधी दुरुस्त करून घ्या. पैसे थेट बँक खात्यात जमा होतात.

कायदेशीर कामगारकपातीत काम गेलं असेल किंवा कारखानाच बंद पडला असेल, तर ईएसआयच्याच राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेचीही चौकशी करा. तिच्यात भत्ता २४ महिन्यांपर्यंत मिळतो, पहिल्या वर्षी रोजच्या सरासरी मजुरीच्या ५० टक्के, दुसऱ्या वर्षी २५ टक्के.

आणि भत्ता चालू असेपर्यंत ईएसआयचे उपचारही मिळतात. घरात कुणाची बीपी-शुगरची गोळी चालू असेल तर कार्ड कपाटात टाकू नका, दवाखान्यात घेऊन जा.