‘लई सुटलायस की!’ : टोमणा, टेप आणि तीस सेकंद

रंकाळ्यावर सकाळी ओळखीचं कुणी भेटलं की रामराम व्हायच्या आधीच शेरा येतो, ‘काय भावा, लई सुटलायस की!’ बोलणाऱ्याच्या पोटात बहुधा माया असते. ऐकणारा हसतो, आणि कधीकधी दुसऱ्या दिवसापासून रंकाळ्यावर दिसत नाही. मग लठ्ठपणाबद्दल बोलणं म्हणजे दुसऱ्याच्या ताटात डोकावणं, की आरोग्याची काळजी?

विषय आरोग्याचाच आहे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 15 ते 49 वयाच्या 24 टक्के स्त्रियांचा आणि 22.9 टक्के पुरुषांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन सांगणारा आकडा, 25 किंवा त्याहून जास्त निघाला. पोटातली, यकृताभोवतीची चरबी इन्सुलिनचं काम बिघडवते. मधुमेह आणि रक्तदाब मागोमाग येतात. पण हे सगळं नुसत्या नजरेनं ओळखता येत नाही.

तालमीतला पैलवान घ्या. उंची 175 सेंटिमीटर, वजन 95 किलो. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागलं की बीएमआय 31 येतो, म्हणजे तक्त्यात गडी लठ्ठ. प्रत्यक्षात तो बराचसा स्नायू असतो. उलट उदाहरण पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी स्वतःचंच दिलं. 2004 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी शेजारी छापला होता. दोघांचाही बीएमआय 22.3. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2 टक्के. आपल्याकडची ही ‘किडकिडीत पण चरबीदार’ ठेवण लक्षात घेऊन भारतीयांसाठी जास्त वजनाची रेघ 23 वर आणि लठ्ठपणाची 25 वर आणली गेली. रस्त्यावरचा टोमणा नेमका इथं चुकतो: हातापायांनी काटकुळा, पण शर्टाखाली घागर असलेला माणूस त्यातून सहज सुटतो.

त्यापेक्षा टेप बरी. सर्वांत खालची बरगडी आणि कमरेच्या हाडाची वरची कड चाचपून घ्या. दोन्हींच्या मधोमध, उघड्या अंगावर टेप धरा. बेंबी ही खूण नव्हे, पोट ओघळलं की तीही खाली सरकते. टेप सगळीकडून जमिनीला समांतर हवी, कातडीत रुतू नये. नेहमीसारखा श्वास सोडल्यावर आकडा वाचा. पुरुषांत 90 सेंटिमीटरच्या वर आणि स्त्रियांत 80 च्या वर गेला तर साखर आणि रक्तदाब तपासून घ्यावा. ‘माझी पँट चौतीसचीच आहे’ हा पुरावा चालत नाही. पँट पोटाच्या खाली बांधलेली असते.

आता टोमण्याच्या परिणामाकडे. इंग्लंडमध्ये पन्नाशी ओलांडलेल्या 2,944 जणांची चार वर्षांच्या अंतरानं वजनं पाहिली गेली. वजनावरून अपमान झाल्याचं सांगणाऱ्यांचं सरासरी 0.95 किलोनं वाढलं होतं, बाकीच्यांचं 0.71 किलोनं घटलं होतं. अशा पाहणीतून कारण सिद्ध होत नाही, पण लाजवल्यानं माणूस बारीक होतो याला तिथं काडीचा आधार मिळाला नाही. लाजलेला माणूस चारचौघांत व्यायाम टाळतो, वजनकाटा टाळतो, दवाखानाही टाळतो.

म्हणून गप्प बसावं? तसंही नाही. इंग्लंडमध्येच 1,882 लठ्ठ रुग्णांवर एक प्रयोग झाला. निष्कर्ष 2016 साली छापून आले. रुग्ण दुसऱ्याच कामासाठी आले होते. तपासणी संपताना डॉक्टर जेमतेम तीस सेकंद वजनाबद्दल बोलले. अर्ध्यांना नुसतं सांगितलं की वजन उतरलं तर तब्येतीला बरं. उरलेल्यांना वजन उतरवायच्या बारा आठवड्यांच्या मोफत वर्गाचा पर्याय दिला आणि तयार झालेल्यांची नावंही तिथल्या तिथं घालायची सोय केली. वर्षानं पहिल्या गटाचं सरासरी 1.04 किलो उतरलं होतं, दुसऱ्याचं 2.43. हे बोलणं अनुचित वाटलं म्हणणारे शंभरात एकही भरले नाहीत.

कोल्हापूरला हे नवं वाटू नये. तालमीत वस्ताद पोराला सगळ्यांदेखत ‘दोन किलो उतरव’ म्हणतो आणि पोरगं रुसत नाही. काटा समोर आहे, वजनगट ठरलेला आहे, उद्या काय खायचं तेही वस्तादच सांगणार आहे. पंचाईत पुढं होते, जेव्हा कुस्ती सुटते आणि दूध, तूप, बदामाचा खुराक तसाच राहतो.

घरात बोलायचं तर माणसावर बोलण्यापेक्षा पातेल्यावर बोलावं. मिसळीवर कट पुन्हा मागताना वर तरंगणारा थर बघा: तेलाचा एक मोठा चमचा, 15 मिली, म्हणजे सुमारे 120 कॅलरी. गुळाचंही तेच. साखरेऐवजी चहात तेवढाच गूळ घातला तर कॅलरीत नावाला फरक पडतो, आपला गूळ कितीही नामी असला तरी. एकाच सुनेचं ताट वेगळं वाढण्यापेक्षा फोडणीचा चमचा सगळ्यांसाठीच लहान करणं सोपं. आणि वजन अचानक वाढलं असेल तर आधी थायरॉइड, स्टेरॉइड, मानसिक आजारावरची काही औषधं यांची चौकशी करावी. दोष दरवेळी जिभेचा नसतो.

दवाखान्यांनीही एक तपासावं. जाड दंडाला नेहमीच्या मापाचा पट्टा आवळला की रक्तदाब खोटाच जास्त दिसतो. दंडाचा घेर 32 सेंटिमीटरच्या पुढं असेल तर मोठा पट्टा लागतो. तो नसला की माणसाला नसलेल्या दाबाची गोळी सुरू होऊ शकते, आणि वर ‘वजनामुळंच झालं’ हेही ऐकावं लागतं.